ओठ मिटलेले, दात सुटलेले

गेल्या वर्षी पुतणीच्या लग्नाची भांडी घेण्याकरिता आम्हांस हैदराबादेस जावे लागले. मराठवाड्याच्या सीमेवरील गावांतून पुष्कळ मंडळी घाऊक खरेदीसाठी तेथील बेगम बाजार गाठतात. निजाम अली खान यांच्या बेगम हुमदा यांनी ही जागा व्यापाऱ्यांस दिली, म्हणून बाजारास हे नाव पडले, असे सांगतात. भांड्यांचे ढीग, सुकामेव्याची पोती, मसाल्यांचा ठसका आणि हमालांच्या आरोळ्या यांनी तेथील अरुंद रस्ते दिवसभर गजबजलेले असतात. १९५६ सालच्या १ नोव्हेंबरला मराठवाडा हैदराबाद राज्यातून वेगळा झाला, तरी तेथील मराठी घरे तेथेच राहिली. अशाच एका घरी, आमच्या आतेभावाकडे, आम्ही उतरलो होतो. ते आमच्याहून वडील; आम्ही त्यांस दादा म्हणतो. सुकामेव्याच्या एका पेढीवर ते कित्येक वर्षे हिशेबनीस आहेत.

पहिल्याच रात्री आम्हांस जाग आली. कोणी जात्यात खडे घालून दळीत आहे, असा आवाज येत होता. उंदराने पेटी कुरतडली असावी, म्हणून आम्ही उठून दिवा लावला. आवाज दादांच्या खाटेवरून येत होता. ते गाढ झोपेत दात खात होते.

सकाळी वहिनींजवळ आम्ही हा विषय काढला, तेव्हा त्या ओशाळल्या. "पाहुण्यांची झोपमोड झाली ना? मला सवय झालीय, भाऊजी. पण कुणापाशी बोलू नका. बाहेर काय सांगायचं, यांच्या अंगात कसला राग आहे म्हणून?" दादांनी चहा फुंकून पिता पिता डावे कानशील दाबून धरले होते. त्यांची हकीकत ऐकल्यावर आम्हांस हा लेख लिहावासा वाटला, कारण अशी हकीकत आपल्या गावोगावच्या घरांतही घडत असली पाहिजे.

दोन दात गेले, दुखणे राहिले

दादांचे दुखणे कानापासून सुरू झाले. कानात ठणका लागे, पण कान पाहिला तर स्वच्छ. थेंब घातले, गुण आला नाही. मग दुखणे दाढेत आहे असे वाटू लागले. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी एका ठिकाणी डावी खालची दाढ काढून घेतली. आठ दिवस बरे वाटले. पुन्हा तोच ठणका. मग तिच्या शेजारची दाढही गेली. दोन्ही दाढा किडलेल्या नव्हत्या. ठणका मात्र होता तेथेच होता, आणि आता घास चावण्याचा सारा भार उजवीकडे पडू लागला होता.

शेवटी ते एका जाणत्या दंतवैद्यांकडे गेले. त्या बाईंनी दातांस हात लावण्यापूर्वी दोन्ही कानांपुढे बोटे ठेवली व तोंड उघडमीट करावयास सांगितले. डाव्या बाजूस कट् असा आवाज आला व दादा कळवळले. नंतर त्यांनी गाल व कानशिले चाचपली आणि विचारले, "काका, हिशेब जुळवताना तुमचे दात एकमेकांवर असतात की सुटे असतात?" दादांना उत्तर देता येईना. इतक्या वर्षांत त्यांनी हे कधी पाहिलेच नव्हते. घरी येऊन वही उघडली तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की पहिल्या बेरजेपासूनच दात करकचून मिटलेले होते.

जबड्याचा सांधा कसा असतो

कानाच्या भोकापुढे बोट ठेवून तोंड उघडले, तर बोटाखाली काहीतरी सरकल्यासारखे वाटते. तोच जबड्याचा सांधा होय. खालच्या जबड्याच्या हाडाचे गोल टोक कवटीच्या खोबणीत बसलेले असते व त्या दोहोंमध्ये चिवट गादीसारखी एक चकती असते. तोंड थोडे उघडताना हे टोक बिजागरीप्रमाणे फिरते. अधिक उघडताना ते पुढे सरकते. शिवाय उजवा व डावा सांधा एकाच हाडाने जोडलेले असल्यामुळे एक बिघडला, तर दुसऱ्यासही त्याचा भार सोसावा लागतो.

हा सांधा हलविणारे स्नायू फार बळकट असतात. गालाचा जाड स्नायू व कानशिलावर पंख्यासारखा पसरलेला स्नायू हे त्यांतील मुख्य. आपण जेवतो, त्या वेळी त्यांनी काम करावे व एरवी विसावा घ्यावा, अशी शरीराची योजना आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचे वरचे व खालचे दात एकमेकांस टेकलेले नसतात. त्यांच्यात दोन ते चार मिलिमीटरांचे अंतर असते. पुष्कळांस हे ऐकून आश्चर्य वाटते. ओठ मिटले म्हणजे दातही मिटलेच पाहिजेत, असा आपला समज असतो. तो चुकीचा आहे.

ज्याचे दात दिवसा आवळलेले व रात्री घासत असतात, त्याच्या स्नायूंस विसावा मिळत नाही. मग सकाळी जबडा आखडलेला असतो, कानशिले दुखतात, डोके जड होते, आणि दुखणे कानात किंवा दाढेत असल्याचा भास होतो. सांधा कानास अगदी लागून असल्यामुळे ही फसगत सहज घडते. १९३४ साली कॉस्टन नावाच्या अमेरिकन कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी कानाच्या तक्रारींचा संबंध या सांध्याशी जोडून दाखविला. त्यांनी दिलेली कारणे पुढे सर्वस्वी टिकली नाहीत. परंतु कान दुखत असता जबडाही तपासावा, हा धडा टिकला.

दात खाणे हे पाप नव्हे, भूतबाधाही नव्हे

आपल्या भाषेत दातओठ खाणे म्हणजे संतापणे. शुभवर्तमानातही दात खाण्याचा उल्लेख रडण्याबरोबर, अंधारात टाकलेल्यांच्या संदर्भात येतो. त्यामुळे झोपेत दात खाणाऱ्याकडे घरचे लोक संशयाने पाहतात. मुलीस ही खोड असली, तर तिच्या लग्नाच्या वेळी ती लपविली जाते. परंतु झोपलेल्या माणसाच्या कृतीस त्याच्या इच्छेचा पाठिंबा नसतो, आणि जेथे इच्छा नाही तेथे दोष कसला? २०१८ साली निरनिराळ्या देशांच्या तज्ज्ञांनी एकमताने असे मांडले, की निरोगी माणसाच्या बाबतीत दात खाणे हा मुळात रोगच नव्हे. ती जबड्याच्या स्नायूंची एक हालचाल आहे. तिच्यामुळे दात झिजू लागले किंवा दुखणे उद्भवले, म्हणजे मात्र तिच्याकडे लक्ष दिले पाहिजे.

मुलांविषयी तर आयाबायांचा निकाल ठरलेलाच असतो: "पोर दात खातंय, जंत झाले असतील." जंत असतील तर औषध अवश्य द्यावे. २०१५ सालापासून शासनातर्फे शाळांतून व अंगणवाड्यांतून जंतनाशक गोळ्या दिल्या जातात, त्या चुकवू नयेत. पण केवळ दात खाण्यावरून पोटात जंत आहेत असे ठरविता येत नाही. लहान मुलांत ही सवय पुष्कळ आढळते व बहुतेकांची ती वाढत्या वयाबरोबर आपोआप सुटते. मुलास झोपेतून हलवून जागे करू नये व चारचौघांत हसू नये. मूल घोरत असेल, तोंडाने श्वास घेत असेल किंवा दात दुखतात म्हणत असेल, तर मात्र डॉक्टरांस दाखवावे.

मोठ्या माणसांत ही सवय वाढविणाऱ्या गोष्टी अनेक आहेत. मनावरील ताण ही त्यांतील एक. रात्री उशिरा घेतलेला कडक चहा किंवा कॉफी, दारू व तंबाखू यांनीही भर पडते. झोपेत श्वास अडकण्याचा विकार असला, तर त्याबरोबरही दात खाल्ले जातात. मनाच्या आजारावरील काही औषधांनीही असे होते. तरी ती औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, देणाऱ्या डॉक्टरांस सांगावे.

घरच्या घरी काय पाहावे

पहिली परीक्षा तीन बोटांची. आपली तर्जनी, मध्यमा व अनामिका एकावर एक उभी धरून समोरच्या वरच्या व खालच्या दातांमध्ये घालावी. धडधाकट प्रौढ माणसाच्या तोंडात ती बहुधा सहज मावतात. दोनच मावत असतील, तर कोठेतरी अडथळा आहे असे समजावे. दुसरी परीक्षा आरशाची. तोंड सावकाश उघडावे व हनुवटी सरळ खाली जाते की एका बाजूस वळते, हे पाहावे. तिसरी परीक्षा बोटांची: कानांपुढे बोटे ठेवून आवाज येतो का, दुखते का, ते पाहावे. दात सपाट झिजले असतील, गालाच्या आतून दातांच्या रेषेत पांढरी कड उठली असेल, जिभेच्या कडांवर दातांचे ठसे उमटत असतील, तर दात आवळण्याची सवय असण्याचा संभव असतो.

येथे एक दिलासाही देतो. दुखत नसेल, तोंड नीट उघडत असेल आणि केवळ कट् असा आवाज येत असेल, तर उपचाराची गरज नसते. अनेकांच्या सांध्यात असा आवाज जन्मभर येतो व काही बिघडत नाही.

बाजारातली सुपारी

बेगम बाजारात हिंडताना सुपारीची पोती पाहून दादा हसत म्हणाले, "माझी कमाई बदामावर, पण तोंड चालतं ते सुपारीवर." दंतवैद्यीण बाईंनी त्यांस याच गोष्टीसाठी दरडावले होते. सुपारी सतत चघळल्याने जबड्याच्या स्नायूंस क्षणाची उसंत मिळत नाही, हे तर झालेच. परंतु याहून भयंकर गोष्ट वेगळीच आहे. सुपारी, मावा व गुटखा यांनी गालाच्या आतील मऊ अस्तर हळूहळू पांढुरके व ताठर होते, आत दोरासारखे पट्टे उठतात, तिखट लागले की आग होते आणि तोंड महिन्यामहिन्याने कमी उघडू लागते. १९५३ साली जोशी या भारतीय डॉक्टरांनी या विकाराचे वर्णन केले होते. एकदा घट्ट झालेले अस्तर पूर्ववत मऊ होत नाही, आणि पुढे तेथे कर्करोग होण्याचा धोका असतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तंबाखूविरहित सुपारीसही कर्करोगकारक म्हणून जाहीर केले. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी सुपारी घरोघर आहे.

म्हणून तोंड उघडत नसेल, तर 'जबडा धरला आहे' असे म्हणून स्वस्थ बसू नये. सांध्याचा दोष आणि सुपारीचा दोष ही दोन वेगळी दुखणी आहेत. दुसऱ्यात उशीर करणे फार महाग पडते. दादांचे गाल तपासले असता ते मऊ निघाले. सुपारीने अजून घर केले नव्हते. त्या दिवसापासून त्यांनी अडकित्ता वहिनींच्या स्वाधीन केला.

उपचार साधेच, पण नेमाने

या दुखण्यात पहिला उपचार घरचाच असतो. दुखणे जोरात असेल तेव्हा मऊ भात, खिचडी, पेज, आमटीत कुस्करलेली भाकरी असे अन्न घ्यावे व घास लहान असावा. ऊस दातांनी सोलणे, फुटाणे फोडणे, बाटलीचे झाकण दाताने उघडणे, शिवताना दोरा दाताने तोडणे ही कामे बंद करावी. जांभई येताच हनुवटीखाली मूठ धरावी, म्हणजे तोंड फार वासले जात नाही. कोमट पाण्यात बुडवून पिळलेला पंचा गालावर व कानशिलावर पंधरा-वीस मिनिटे, दिवसातून दोन-तीनदा धरावा. पाणी पोळण्याइतके नसावे. पोटावर झोपून जबडा उशीत दाबू नये. जिभेचे टोक वरच्या समोरच्या दातांमागे टाळूस लावून, दुखणार नाही इतपत तोंड सावकाश उघडावे व मिटावे. असे पाच-सहा वेळा केले की पुरे. जोर करू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचा नियम तो हा: ओठ मिटलेले, दात सुटलेले. जीभ टाळूस हलकी टेकलेली असावी व खांदे सैल सोडावेत. हा नियम ऐकावयास सोपा, पण ध्यानात राहणे कठीण. दादांनी एक युक्ती काढली. हिशेबाच्या वहीच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात त्यांनी तांबड्या शाईचे एक टिंब काढले. पान उलटताना टिंब दिसले, की दात सोडावयाचे. गावी ज्यांस वही नाही त्यांनी चर्चच्या घंटेची खूण ठेवावी. गृहिणींनी चुलीपाशी, मोटारचालकांनी आरशाच्या कडेस, विद्यार्थ्यांनी पुस्तकात अशी खूण करावी. ओझे उचलताना दात आवळणाऱ्या शेतकऱ्याने ओझे उचलण्यापूर्वी एक दीर्घ श्वास सोडावा.

रात्रीची सवय मात्र मनाच्या ताब्यात नसते. तीसाठी दंतवैद्य दातांचे ठसे घेऊन एक कडक पारदर्शक पट्टी तयार करतात. ती निजताना दातांवर बसवावयाची. ही पट्टी दात खाणे हमखास थांबवीत नाही, पण दातांची झीज आपल्यावर घेते. सकाळी ती गार पाण्याने धुऊन डबीत ठेवावी. गरम पाण्याने तिचा आकार बिघडतो. वाढत्या वयाच्या मुलांस ती सहसा देत नाहीत. वेदना फार असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस गोळ्या घ्याव्या लागतात.

येथे एक सावधगिरीची सूचना. दात घासून लहान करणे, सांध्यासाठी धडधाकट दात काढणे, घाईने शस्त्रक्रिया करणे, या गोष्टी परत फिरविता येत नाहीत. १९९६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेनेही असाच सल्ला दिला, की आधी साधे व परतविता येण्याजोगे उपचार करावेत. बहुतेक रोग्यांस तेवढ्याने काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आराम पडतो. म्हणून दाढ काढण्यापूर्वी ती खरोखर किडली आहे का, हे विचारण्याचा संकोच करू नये. जवळ शासकीय दंत महाविद्यालय असेल तर तेथे दाखवावे. बेगम बाजारापासून अफजलगंजचे शासकीय दंत रुग्णालय जवळच आहे. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे अशी महाविद्यालये आहेत.

केव्हा थांबू नये

काही प्रसंगी मात्र पंचा व पेज पुरे नव्हे. जखम झाल्यावर काही दिवसांनी जबडा आखडू लागला, दातखीळ बसली, तर तो धनुर्वात असू शकतो. तत्काळ मोठ्या रुग्णालयात न्यावे. चालताना किंवा कष्ट करताना जबडा दुखतो, बरोबर छाती दाटते, घाम फुटतो, हात भरून येतो, तर ते दुखणे हृदयाचे असण्याचा संभव असतो. त्यातही क्षणाचा उशीर नको. पन्नाशी उलटलेल्या माणसास चावताना जबडा दुखू लागला, कानशिलाची शीर हुळहुळी झाली व दृष्टी अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. ताप व सूज, पडल्यानंतर दात नीट न मिटणे, दोन-तीन आठवडे न भरणारा तोंडातील व्रण, या खुणाही दुर्लक्षू नयेत.

जांभई देताना जबडा निसटून तोंड उघडेच राहिले, तर घाबरू नये व कोणी बळजबरीने मिटवू नये. हनुवटीस फडक्याचा आधार देऊन रुग्णालयात जावे. जाणते डॉक्टर मागच्या दाढांवर अंगठे ठेवून जबडा खाली व मागे नेऊन बसवितात. ही विद्या फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेतही निखळलेला जबडा शेकून, जागी बसवून बांधण्यास सांगितले आहे.

लग्न आटोपल्यावर चार महिन्यांनी दादा-वहिनी आमच्याकडे आले. डाव्या कानशिलावर हात नव्हता. सांधा अजून कट् म्हणतो, पण दुखत नाही, असे ते म्हणाले. रात्री पट्टी असते. क्वचित तिच्यावरच दातांची घासाघीस चालते. "गेलेल्या दोन दाढा काही परत यायच्या नाहीत," ते म्हणाले, "पण तिसरी गेली असती, ती वाचली."

जेवणानंतर आमच्या आईने सवयीने पानाचे तबक पुढे केले. दादांनी हात जोडले व बडीशेप उचलली. वहिनी त्यांच्याकडे पाहून हळूच म्हणाल्या, "दात?" दादांनी जबडा सैल सोडला. आम्ही सारे हसलो, आणि हसताना आमचेही दात कधी आवळले होते व कधी सुटले, हे प्रत्येकाने मनातल्या मनात पाहून घेतले. वाचकांनीही हे पान मिटण्यापूर्वी एकवार तसे पाहावे.